धावण्यावर आलेला आळ

धावायला नुकत्याच लागलेल्या माणसाचा गुडघा दुखू लागला की निदान करणाऱ्यांना बोलावणे धाडावे लागत नाही. आगाशीच्या तळ्याकाठी फिरायला येणारे काका, घरातली आत्या, विरारला जाणाऱ्या बसमधला शेजारी, सगळ्यांकडे निदान तयार असते. ‘वंगण कमी झालंय’, ‘गॅप पडलाय’, ‘वाटी झिजायला लागली’. औषधही ठरलेले: धावणे बंद कर, आत्ताच थांबलास तर बरे, नाहीतर पन्नाशीत गुडघे बदलायची वेळ येईल. या सल्ल्यामागे माया असते, त्यामुळे त्याला उलट बोलायला जीभ रेटत नाही. पण माया असली म्हणून सल्ला खरा ठरत नाही. धावण्याने निरोगी गुडघा झिजतो या समजुतीला आधार फार तोकडा आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत जमा झालेला पुरावा बहुतांशी तिच्या विरोधात जातो. नवशिक्याचे दुखणे मात्र खरे असते. ते खोटे ठरवायचा इथे हेतू नाही. ते कुठून येते हे ओळखण्यात चूक होते आणि तिथून पुढचा सगळा उपचार चुकत जातो, एवढेच दाखवायचे आहे.

झिजेची कल्पना लोकांना पटते याचे कारण ती डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवरून घेतलेली आहे. गाडीचा टायर जितका फिरेल तितका घासतो, मग गुडघा तरी वेगळा का असेल? वेगळा आहे, कारण टायर जिवंत नसतो. गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात पेशी असतात आणि त्या पेशींना वजनाची जाणीव असते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते, आणि सांध्यावर भार पडणे व उतरणे या आलटून-पालटून होणाऱ्या क्रियेचा त्यात मोठा वाटा असतो. याचा उलटा पुरावा अधिक बोलका आहे. मज्जारज्जूला इजा होऊन ज्यांचे पाय हलायचे थांबले अशा रुग्णांच्या गुडघ्यांची एमआरआयने मापे घेतली, तेव्हा त्यांची कूर्चा महिन्यामहिन्याने पातळ होत गेलेली आढळली. वापराने झीज होते हा नियम इतका सरळ असता तर अजिबात न वापरलेला गुडघा सर्वांत टवटवीत राहायला हवा होता. तसे होत नाही. भार अजिबात नसणे सांध्याला मानवत नाही आणि पेलण्यापलीकडचा भारही मानवत नाही. वाद आहे तो या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात हौशी धावणे बसते की नाही, एवढ्यापुरता.

या प्रश्नावर अंदाज बांधत बसायची गरज नाही, कारण लोकांच्या गुडघ्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून काही उत्तरे मिळालेली आहेत. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ पासून लांब पल्ल्याच्या ४५ धावपटूंचे आणि न धावणाऱ्या ५३ जणांचे गुडघे ठरावीक काळाने एक्स-रे काढून तपासले. सुरुवातीलाच ही मंडळी पन्नाशी ओलांडलेली होती, म्हणजे झीज व्हायचीच असेल तर ती दिसण्याचे वय. हा पाठपुरावा २००२ पर्यंत चालला आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवटी धावणाऱ्यांपैकी २० टक्क्यांच्या आणि न धावणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांच्या गुडघ्यांत संधिवाताच्या खुणा होत्या. गट लहान असल्याने हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येत नाही; धावण्याने गुडघे सुधारतात असे त्यावरून कुणी म्हणू नये. पण धावणाऱ्यांचे गुडघे आधी जातात, हे तर त्यातून मुळीच निघत नाही. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच सुमारे ७५ हजार धावणाऱ्यांच्या आणि साडेचौदा हजार चालणाऱ्यांच्या नोंदींचा अभ्यास आला. त्यातही धावणे वाढले म्हणून संधिवात किंवा खुबा बदलण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, उलट कमी दिसले, आणि त्या घटीचा काही वाटा धावणाऱ्यांचे वजन आटोक्यात राहिल्याचा होता.

सर्वांत जास्त उद्धृत होतो तो २०१७ चा एकत्रित आढावा. लाखाहून अधिक लोकांची माहिती असलेले सतरा अभ्यास त्यात एकत्र मोजले गेले. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंत ३.५ टक्के निघाले, बैठे आयुष्य जगणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत १३.३ टक्के. झिजेचे समर्थक इथे शेवटच्या आकड्यावर बोट ठेवतात: बघा, जास्त धावले की झालाच ना? आकडा खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण तो कुणाचा आहे हेही पाहावे. वर्षानुवर्षे आठवड्याला शंभर किलोमीटरच्या घरात धावणारा, दुखापत असूनही स्पर्धेला उतरणारा खेळाडू आणि आगाशीहून अर्नाळ्यापर्यंत जाऊन परत येताना धापा टाकणारा बँकेतला कारकून यांना एका मापाने मोजता येणार नाही. पहिल्याच्या नावाने दुसऱ्याला घाबरवायचे म्हणजे हिंदकेसरी पैलवानाच्या चेपलेल्या कानाकडे बोट दाखवून पोराला सूर्यनमस्कारापासून रोखण्यासारखे आहे. आणि त्याच तक्त्यातला मधला आकडा, जो घरी बसणाऱ्यांचा आहे, तो मात्र या वादात कुणी मोठ्याने वाचत नाही.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. ज्यांचे गुडघे मुळात भक्कम तेच वर्षानुवर्षे धावत राहतात, ज्यांचे दुखतात ते सोडून देतात. मग धावणाऱ्यांचे गुडघे चांगले दिसणारच, त्यात धावण्याचे श्रेय काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि वर दिलेल्या आकड्यांतून तो पुरता पुसला जात नाही. म्हणून नवशिक्यांवरच केलेला एक अभ्यास इथे महत्त्वाचा ठरतो. २०१७ च्या लंडन मॅरेथॉनसाठी आयुष्यात पहिल्यांदा नाव नोंदवलेल्या ८२ मध्यमवयीन लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय सराव सुरू होण्याआधी, म्हणजे सहा महिने अगोदर, आणि शर्यतीनंतर दोन आठवड्यांनी काढले गेले. काही दुखतखुपत नसतानाही यातल्या बऱ्याच जणांच्या गुडघ्यांत आधीपासूनच काही ना काही बिघाड होता, हे पहिल्याच फेरीत कळले. शर्यतीनंतर मांडी आणि नडगीच्या हाडांच्या टोकांशी असलेली सूज अनेकांत कमी झालेली आढळली. मात्र वाटीच्या मागच्या कूर्चेत काहींचा बिघाड थोडा वाढला होता, तोही त्यांना जाणवण्याजोगा नव्हता. निकाल असा संमिश्र आहे आणि तो तसाच सांगायला हवा. वाढलेल्या भाराचा परिणाम आधी वाटीच्या मागे दिसतो, हे त्यातले आपल्या कामाचे. ज्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला आहे किंवा गादीचा तुकडा शस्त्रक्रियेने काढलेला आहे, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण जुनी दुखापत हे संधिवाताचे सिद्ध झालेले कारण आहे.

धावण्याने गुडघे जातात हे खरे मानले तर आपल्या घराघरांतल्या गुडघ्यांचे काय करायचे? आपल्या आज्या आणि मावश्या कधी कुठली मॅरेथॉन धावल्या होत्या? डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली सांधेदुखीची घरोघर पाहणी झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना हाडा-सांध्यांचे काही ना काही दुखणे होते आणि गुडघा हे त्यातले ठळक ठिकाण होते. भिगवण हे काही धावपटूंचे गाव नव्हे. चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांवर झालेल्या अभ्यासात तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसण्याचा आणि पुढे गुडघ्याला होणाऱ्या संधिवाताचा संबंध दिसला. हे वाचताना आगाशी, बोळींज, नंदाखाल या पट्ट्यातल्या वाड्या डोळ्यांपुढे आणाव्यात. फुले खुडणे, भाजीची खुरपणी, पानवेलीची कामे, सगळे उकिडवे बसून नाहीतर कमरेत वाकून. त्यात उतारवयात वाढलेले वजन. वजन एक किलो उतरले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हे २००५ साली वयस्क संधिवाताच्या रुग्णांवर मोजून पाहिलेले आहे. घरातल्या मोठ्यांचे गुडघे गेले ते आयुष्यभराच्या श्रमाने, वजनाने, वयाने, अंगातल्या जनुकांनी. तो दाखला धावायला निघालेल्या मुलासमोर ठेवताना त्यातले कुठले कारण त्याला लागू पडते हे कुणी सांगत नाही.

‘एक्स-रेत गॅप दिसला’ हा या वादातला हुकमी पत्ता असतो. चित्र काढले की काहीतरी दिसणारच, हे इथे लक्षात ठेवायला हवे. कधीही न दुखलेल्या, मार न लागलेल्या गुडघ्यांच्या एमआरआयचा २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा चाळिशीच्या पुढच्या लोकांत संधिवाताच्या खुणांचे प्रमाण १९ ते ४३ टक्के निघाले. दुखत नसतानाही इतक्यांच्या गुडघ्यांत खुणा असतील, तर दुखणाऱ्या गुडघ्यात खूण सापडली म्हणून तीच दुखण्याचे कारण ठरत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या नवशिक्याच्या हातात ‘झीज सुरू’ असा अहवाल पडतो आणि दोन आठवड्यांच्या दुखण्याला तो जन्माचा रोग समजून बसतो. त्या कागदापेक्षा गेल्या महिन्यात तो किती आणि कसा धावला याची वही पाहिली तर डॉक्टरांना जास्त कळेल. ती वही बहुतेकांनी ठेवलेलीच नसते, हे दुर्दैव.

मग दुखते ते काय? नवशिक्या धावपटूच्या गुडघ्याचे सर्वांत नेहमीचे दुखणे वाटीच्या भोवती किंवा मागे असते. नेमके एका बोटाने दाखवता येत नाही, तळहात फिरवून ‘इथे कुठेतरी’ असे दाखवले जाते. सपाटीवर चालताना ते गप्प असते. विरार स्टेशनचा पूल चढताना थोडे, पण उतरताना जास्त जाणवते. जीवदानीच्या पायऱ्यांवरही दर्शन घेऊन परततानाच खरी परीक्षा होते. लोकलमध्ये चौथ्या सीटवर गुडघे मुडपून अंधेरीपर्यंत बसले की उठताना सांधा कुरकुरतो. मांडीचे स्नायू वाटीला ओढून धरतात आणि गुडघा जितका मुडपलेला, तितकी वाटी मागच्या खाचेत दाबली जाते, हे त्यामागचे साधे यंत्र. त्या दाबाची सवय नसलेल्या जागेवर तो अचानक हजारो पावलांनी वाढला की ती जागा चिडते. वाटीमागचे हे चिडणे आणि कूर्चा घासून संपणे यांत फार अंतर आहे. बाहेरच्या बाजूला दुखणारा पट्टा किंवा वाटीखालची शीर यांची गोष्टही थोड्याफार फरकाने हीच. धावू लागल्यावर दम पाच-सहा आठवड्यांत सुधारतो. स्नायूंनाही फार वेळ लागत नाही. स्नायुबंध, हाडे आणि कूर्चा यांना मात्र नव्या भाराशी जुळवून घ्यायला महिने लागतात. छाती म्हणते आणखी दोन किलोमीटर सहज होतील आणि गुडघा तयार नसतो, अशी ही फसगत आहे. फसतो तो बहुधा उत्साही माणूस. आळशाच्या वाट्याला हे दुखणे येत नाही.

डेन्मार्कमध्ये ८७४ नवशिक्यांवर नजर ठेवणारा अभ्यास २०१४ मध्ये आला. दोन आठवड्यांत ज्यांनी अंतर ३० टक्क्यांहून अधिक वाढवले त्यांच्यात वाटीच्या दुखण्यासारख्या दुखापती, १० टक्क्यांच्या आत राहणाऱ्यांपेक्षा जास्त दिसल्या. हा आकडाही निर्विवाद नाही, हे सांगून टाकलेले बरे. ‘आठवड्याला फक्त दहा टक्के वाढवा’ हा धावण्याच्या गटांत वेदवाक्यासारखा फिरणारा नियमही तपासला गेला आहे: २००८ मध्ये हॉलंडमधल्या पाचशेहून अधिक नवशिक्यांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवणारा तेरा आठवड्यांचा आणि उरलेल्यांना नेहमीचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम दिला, आणि दोन्हीकडे दुखापतींचे प्रमाण सारखेच, साधारण पाचांत एक, निघाले. म्हणजे दहा हा आकडा मंतरलेला नाही. पण दोन्ही गटांना काहीतरी आखलेला कार्यक्रम होता, एकदम उडी कुणालाच मारू दिलेली नव्हती, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे नेमकी ती उडी मारली जाते, आणि त्याला इथल्या जगण्याची घडण कारणीभूत आहे. पहिली उडी रविवारची. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. आगाशीहून स्टेशन गाठण्याचा वेळ धरला तर जाण्यायेण्यात चार तासांहून अधिक जातात. कामाच्या दिवशी पहाटे धावायचे तर झोप मोडावी लागते; म्हणून सोमवार ते शनिवार शून्य, आणि रविवारी सकाळी अर्नाळ्याच्या रस्त्याने एका दमात आठ-दहा किलोमीटर. आठवड्याची बेरीज मोठी दिसत नाही, पण ती सगळी एकाच सकाळी गुडघ्यावर कोसळते.

दुसरी उडी भरतीची. पोलीस भरतीची जाहिरात आली की किनाऱ्यालगतच्या गावांतली मुले-मुली रस्त्यावर दिसू लागतात. शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर ठरलेल्या वेळेत धावायचे असते, आणि जाहिरात व मैदानी चाचणी यांच्यामधला काळ कुणाच्या हातात नसतो. अंतर फार नाही, पण ते जीव तोडून धावायचे असते. वेगाने धावल्यावर दर पावलाचा भार वाढतो, आणि तयारी नसलेला मुलगा रोजच्या रोज घड्याळ लावून पूर्ण वेगाने १६०० मीटर मारू लागला तर गुडघा तक्रार करणारच. तिसरी उडी शर्यतीची. वसई-विरार महापालिकेची मॅरेथॉन २०११ साली सुरू झाली आणि गेली काही वर्षे ती डिसेंबरात होते. या स्पर्धेने तालुक्यात धावणे घरोघर पोचवले, हे तिचे मोठे काम. पण दिवाळीचा फराळ संपल्यावर गुडघ्याला बाशिंग बांधून अर्ध्या मॅरेथॉनच्या तयारीला लागणारे दरवर्षी भेटतात. एकवीस किलोमीटर, तयारीला चार-पाच आठवडे. त्यांचे गुडघे दुखले तर दोष धावण्याला देण्याआधी पंचांगाकडे पाहावे.

दुखण्याचे मूळ मापात असल्यामुळे बाजारातले बरेचसे उपाय नेम चुकलेले ठरतात. महागडे बूट घेतले की गुडघा वाचतो, ही समजूत दुकानदाराच्या सोयीची आहे. धावण्याच्या बुटांनी दुखापती टळतात का, याचा वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये जो आढावा घेतला त्यात एका प्रकारचा बूट दुसऱ्यापेक्षा ठोसपणे सरस ठरला नाही. बूट पायाला सुखाचा असावा, झिजला की बदलावा, एवढे पुरे. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर २००६ मध्ये दीड हजारांहून अधिक रुग्णांची मोठी चाचणी झाली, तेव्हा एकूण रुग्णांत त्या साखरेच्या गोळीपेक्षा वरचढ ठरल्या नाहीत. आणि ते रुग्ण संधिवाताचे होते, ज्याला संधिवातच नाही त्याने त्या कशासाठी घ्यायच्या? नी-कॅपने धीर येतो, तेलाने चोळल्यावर बरे वाटते, दोन्हींना माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्यांच्या भरवशावर तेच अंतर त्याच घाईने धावत राहण्याला. रेतीवर धाव, गुडघ्याला मऊ, हा अर्नाळ्याच्या किनाऱ्याजवळ हमखास मिळणारा सल्लाही जपूनच घ्यावा. भुसभुशीत रेतीत त्याच अंतराला कडक जमिनीच्या सुमारे १.६ पट शक्ती लागते, पोटऱ्या आणि घोट्याची शीर लवकर थकते, आणि पाण्याकडे उतरता किनारा असला की एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट, सपाट वाळूवर थोडे धावणे आनंदाचे आहे; त्याला उपचार म्हणू नये.

वाटीच्या दुखण्यावर काय उपयोगी पडते याची चाचणी कॅनडात झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. वाटीभोवती दुखणाऱ्या, नियमित धावणाऱ्या ६९ जणांचे तीन गट केले. एका गटाला फक्त भार कसा सांभाळायचा हे समजावले. दुसऱ्याला त्याशिवाय व्यायाम दिले. तिसऱ्याला भाराच्या सल्ल्यासोबत, व्यायामाऐवजी, धावण्याची ढब बदलायला शिकवले. आठ आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे व्यायाम निरुपयोगी असा अर्थ नव्हे; मांडी आणि नितंबाचे स्नायू बळकट करणे या दुखण्यात उपयोगी पडते, हे इतर अभ्यासांतून दिसते. पण तिन्ही गटांत समान होता तो भाराचा सल्ला, आणि तो काय होता हे ऐकण्यासारखे आहे: धावणे बंद करू नका; एकेका वेळचे अंतर आणि वेग कमी करा, दिवस वाढवा; उतार आणि जिने काही काळ टाळा; धावताना दुखणे दहापैकी दोनच्या वर जाऊ देऊ नका आणि थांबल्यावर तासाभरात ते पूर्वीइतके खाली आले पाहिजे. आपल्या रविवारच्या धावपटूला लावून पाहिले तर रविवारचे दहा किलोमीटर मोडून मंगळवार, गुरुवार आणि रविवारी अडीच-तीन किलोमीटर, मधे चालण्याचे तुकडे घालून, असे काहीतरी होते. वीस मिनिटांसाठी पहाटेची झोप मोडत नाही. ज्याला ढब सुधारायची आहे त्याने तेवढ्याच वेगाला पावले थोडी आखूड आणि थोडी जलद टाकावीत. पावलांची गती पाच-दहा टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे २०११ मध्ये प्रयोगशाळेत मोजले गेले आहे.

यात ‘बंद कर’ म्हणणाऱ्या काकांइतकेच ‘सुरुवातीला दुखतंच, सहन कर’ म्हणणारे मित्रही चुकीचे ठरतात. पूर्ण विश्रांतीने दुखणे थांबते हे खरे, पण त्या काळात पायांची ताकदही उतरते. महिनाभराने तोच माणूस पूर्वीच्याच अंतराला हात घालतो, पुन्हा दुखते, आणि ‘मला धावणे झेपत नाही’ असा शिक्का बसतो. सहन करणाऱ्याचे दुखणे दोनवरून सहावर जाते आणि लंगडत धावण्याची सवय लागते. दोघेही प्रश्न हो किंवा नाही असा घालतात, आणि तो प्रश्न ‘किती’चा आहे. डॉक्टरही बंद करायला सांगतात, असे यावर कुणी म्हणेल. काही वेळा त्यांनी ते सांगायलाच हवे. गुडघा सुजला, अडकला, सरळ होत नाही, पाऊल टाकताना दगा देतो, मार लागल्यावर वजन पेलवत नाही, रात्री झोपेतून उठवण्याइतका ठणकतो, ताप आहे, किंवा हाडाच्या एका ठिपक्यावर बोट ठेवताच कळ येते, यांतले एक जरी असेल तर वरचा एकही परिच्छेद त्या माणसासाठी नाही. त्याने त्या दिवशी धावू नये आणि तपासून घ्यावे. बाकीच्यांनी डॉक्टरांना ‘धावू की नको’ एवढेच विचारले तर गर्दीच्या ओपीडीत ‘नको’ हेच उत्तर सुरक्षित असते. ‘सध्या किती धावलेले चालेल, आणि कशाने वाढवू’ असे विचारून पाहावे. फिजिओथेरपिस्टकडे तर नक्कीच.

शेवटचा आक्षेप सर्वांत समंजस असतो. एवढा खटाटोप कशाला? चालावे, चालण्याने काय कमी होते? काहीच होत नाही, आणि ज्याला चालणे आवडते त्याने धावलेच पाहिजे असा कुणाचा आग्रह नाही. मात्र चालणे निवडायचे कारण गुडघा हे नसावे. धावताना दर पावलाचा भार चालण्याच्या कितीतरी पट असतो, पण पावले लांब पडतात आणि पाय जमिनीवर थोडाच वेळ टेकतो. २०१४ मध्ये चौदा जणांवर मोजून पाहिले तेव्हा तेच अंतर कापताना गुडघ्यावर पडलेला एकूण भार धावण्यात आणि चालण्यात जवळपास सारखा निघाला. चौदा हा आकडा लहान आहे, म्हणून त्याच्यावर इमारत उभारू नये, पण ‘धावणे म्हणजे गुडघ्यांवर हातोडा’ या वाक्याला तो पुरेसा अडसर आहे. ज्याला धावायचेच आहे त्याच्यापुढचे काम साधे आहे, फक्त त्याला वेळ लागतो. डिसेंबरातल्या शर्यतीपासून उलटे मोजत गेले तर अर्ध्या मॅरेथॉनच्या तयारीला लागणारे चार-पाच महिने जुलै-ऑगस्टात, भर पावसात सुरू होतात, आणि तेव्हाही आधी सलग पाच किलोमीटर न दुखता धावता येत असेल तर. दिवाळीनंतर बूट बांधणाऱ्याने यंदाच्या वर्षी अर्ध्या मॅरेथॉनचा अर्ज न भरता सर्वांत लहान पल्ल्याचा भरावा, एकवीस किलोमीटरचा पुढच्या वर्षी.